दुपट्ट्यातली बाई

आमचे हे वऱ्हाडभर नकला करत फिरतात. दुपट्टा पदरासारखा डोक्यावर घेतला, की बायको होतात. खांद्यावर टाकला, की नवरा. यंदा अकोल्याच्या गणपतीत भाजी खारट झाली म्हणून नकलेतले ते दोघं घटकाभर भांडले, रुसले, हासले. लोकायचं हासून पोट दुखलं. शेजारची रुख्मिणी म्हणे, "भाग्याची हायेस वं बाई, घरी रोजच आयकाले भेटत असन." घरी हे मान खाली घालून जेवतात अन् उठतात. त्या दुपट्ट्यातल्या बाईशी बोलतात, त्याच्या चार आणेही माह्याशी तीस वर्षांत बोलले नाहीत. सवत बरी, तिच्या झिंज्या तरी धरता येतात. दुसऱ्या दिवशी भाजीत मुद्दाम मूठभर मीठ टाकलं. हे पहिला घास गिळून दुसरा मोडाले लागले. मंग मी खुंटीवरचा दुपट्टा काढला, डोक्यावर घेतला अन् ताटासमोर बसली. म्हटलं, "भाजी खारट झाली. बोला आता."