नरसी फाट्याचं वळण

राज्याच्या संघात एकच जागा उरली होती आणि सायकल शर्यतीत दीक्षाचा सुटायचा नंबर अगदी शेवटचा होता. एकेका मिनिटानं सगळ्या पोरी सुटल्या, मग ती. हिंगोलीहून नरसी फाट्यापर्यंत जायचं, वळायचं आणि परत यायचं. सगळ्यांत कमी वेळ लावील ती जिंकणार. आई शर्यत संपते तिथल्या मांडवात थांबली होती. वारा पावसाला आडवा झोडपत होता.

थोड्या वेळानं पाय दुखायचे थांबले. झोपेत चालवावी तशी सायकल आपसूक पुढं जात राहिली. दोन्ही बाजूंची हळदीची रानं पाण्यात विरघळून गेली.

फाट्यावर झेंडी घेऊन उभे असलेले सटवाजीमामा तिला पाहून चपापले.

"काहून परत आलीस, पोरी? आत्ताच तर वळून गेलीस न तू!"

"मी न्हाई, मामा. दुसरी कोणी असंल."

"नंबर वाचला म्या. बोललीस बी माझ्याशी."

दीक्षा वळली आणि जीव खाऊन निघाली. पुढं रस्त्यावर कोणीच नव्हतं.

गाव जवळ आलं तसा पावसातून भोंग्याचा आवाज आला. पहिली आली म्हणून तिचंच नाव पुकारत होते. टाळ्या पडल्या. मग माइकवर तिची आई हसत-रडत बोलली, "लई भिजलं हो माझं लेकरू."

आणि लगेच, त्याच माइकवर, दीक्षाला स्वतःचा आवाज ऐकू आला.

"आई, चल आता घरी."