चिस्पाच्या वाडग्यातला दगड

एलादिओची मांजर चिस्पा बकाबका खायची आणि लगेच ओकायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वाडग्यात एक गोल दगड टाका, सावकाश खाईल."

एलादिओच्या उसिला गावात वाडग्यात दगड म्हणजे तापल्या दगडाने उकळलेलं सूप! त्याने नदीतला गोटा चुलीत लालबुंद तापवून मासे-पाण्यात सोडला. सूप खदखदलं. ते निवेपर्यंत चिस्पा ताटकळली, मग जपून चाटत जेवली. उलटी थांबली.

"अहो, दगड नुसता टाकायचा होता!" बायको ओफेलिया हसून लोटपोट झाली.

पण आता चिस्पा दुसरं काही तोंडात घेईना. गावच्या रीतीप्रमाणे सणाला पुरुषांनी बायकांसाठी रांधायचं हे सूप एलादिओ रोज मांजरीसाठी रांधू लागला. गावात सांगायचीही चोरी!

एका दुपारी ओफेलिया आपला वाडगा घेऊन चिस्पाशेजारी येऊन बसली.

"मीपण फार भराभर जेवते, बरं का!"