घशातला उजेड

सुलक्षणाबाईंचा कॅन्सर परतलाय का, ते आजच्या स्कॅनमध्ये कळणार होतं. अंधेरीच्या सेंटरात सुई टोचून त्यांना मंद दिव्याच्या खोलीत एकटंच निजवलं. सून अक्षताने बजावलं, "आई, तासभर एक शब्द नाही. बोललात तर घशाचे स्नायू टोचलेलं औषध ओढतील आणि घसा चित्रात आजारासारखा उगाच उजळेल."

"म्हणजे आज तुझी चैन आहे," म्हणत त्यांनी डोळे मिटले.

ही चित्रं आणखी स्वच्छ दिसावीत, हेच अक्षताचं संशोधन. पण स्कॅन होऊन पडद्यावर चित्र आलं, तेव्हा आज ते पुसट असतं तर बरं, असं तिला वाटलं. बाकी सगळं ठीक होतं. फक्त घशापाशी, काळोख्या खाडीत होडीचा दिवा दिसावा तसा उजेड होता.

"आई, खरं सांगा, बोललात ना?"

"कोणाशी बोलू? भिंतींशी?"

"बोलले म्हणा हो एकदा! बोलला असाल तर तो आजार नाही."

बाई घुटमळल्या. मग पदर सावरत फणकारल्या, "आधी तुझे सासरेच बोलले. गेल्यापासून आज पहिल्यांदा उशाशी येऊन बसले, त्यांना काय हाताने खुणा करू?"