रविवारचे सरदार

गर्दीतून वाट काढत टोबायस पेलॅट चित्रांच्या दुकानाच्या काचेपाशी पोचला.

चित्र नवंच लागलं होतं. अजून रंग न दिलेलं, नुसत्या काळ्या शाईतलं. हाइड पार्कातला घोडेस्वारांचा रस्ता. कंबर आवळलेला, गळपट्टा कानापर्यंत चढवलेला एक छैला भाड्याच्या मरतुकड्या घोड्यावर ऐटीत बसला होता. मागून एक म्हातारी धावत होती, हातात लोकरीचा मफलर नाचवत. खाली अक्षरं होती : 'रविवारचे सरदार'. छैल्याच्या गालावर, कानाच्या जरा खाली, बदामाच्या आकाराचा डाग होता.

टोबायसच्या गालावरही तसाच डाग होता. लहानपणी किटली सांडली होती, त्याचा.

"शिंपी असणार हा," बाजूचा कोणी म्हणाला.

"छे! घोड्याचा चेहरा बघ. भाडं बुडणार हे त्याला कळून चुकलंय."

सगळे खिदळले. टोबायसही हसला, कारण न हसणारा तो एकटाच उरला असता.

गेल्या रविवारी तो लॅन्यन बाप-लेकीच्या गाडीशेजारून घोडा चालवत होता. तेवढ्यात कठड्यापलीकडून हाक आली. "टोबी! अरे, गळ्याला गुंडाळ हे, खोकतोयस ना!" मिस लॅन्यननं मान वळवली. "कोण हो त्या?" "कोण जाणे," तो म्हणाला होता. "वेडी असेल बिचारी." आणि त्यानं घोड्याला टाच मारली होती.

लॅन्यनांना त्यानं आपली आई केव्हाच वारल्याचं सांगितलं होतं. आठवड्याचे उरलेले दिवस आपण दुकानात बायकांच्या हातांवर हातमोजे चढवतो, हे मात्र सांगितलं नव्हतं.

"पेलॅट! तुम्हीही इथंच?"

कॅप्टन लॅन्यन. सोबत त्यांची लेक सोफी. कॅप्टननं चष्मा सावरून चित्र न्याहाळलं, मग टोबायसकडं पाहिलं, मग पुन्हा चित्राकडं.

"तो मफलर," कॅप्टन सावकाश म्हणाले. "आणि तो डाग. अहो, हे तुम्हीच की काय?"

टोबायस काचेजवळ वाकला. त्यानं चित्राकडं नीट पाहिलं, आणि त्याला श्वास घेता आला.

"कॅप्टनसाहेब, याचा डाग उजव्या गालावर आहे. माझा बघा, डाव्या. आणि यानं चाबूक डाव्या हातात धरलाय. मी काही डावखुरा नाही."

"पण तांब्याच्या पत्र्यावर काढलेलं छापताना उलटं होतं म्हणतात."

दारात उभा राहून ऐकणारा दुकानदार गॉल्ट लगेच पुढं झाला. "नवशिक्यांचं होतं, साहेब. आमचा कारागीर पत्र्यावरच उलटं काढतो, म्हणजे कागदावर सुलटं येतं. या दुकानातून उलटं चित्र कधी गेलेलं नाही." हे सांगताना त्यानं खिडकीकडं पाहायचं टाळलं.

"मग दुसराच कुणी गाढव," कॅप्टन मोकळेपणानं हसले. "मला एक रंगीत द्या."

"रंगवायला गेलेत, साहेब. संध्याकाळी येतील. उद्या न्याहारीच्या आत घरपोच करतो."

"पेलॅट, तुम्हीही या न्याहारीला. चित्र बघून पोटभर हसू. आणि महिनाभर मला जे विचारायचं म्हणताय ना, तेही विचारून टाका."

सोफी लाजली नाही. ती अजून काचेकडंच पाहत होती. "त्या म्हातारीकडं कुणाचंच लक्ष नाही," ती म्हणाली. "किती धाप लागलीय तिला."

टोबायसनं हातमोजा काढला आणि पुन्हा चढवला.

संध्याकाळी तो नदीपलीकडं आईच्या खोलीवर गेला. तिनं वाटाण्याचं सूप पुढं ठेवलं, पाव तोडून दिला. तिची बोटं लालपिवळी झाली होती. हॅटांवरची कापडी फुलं रंगवून ती नेहमीच तशी असत. त्या बोटांकडं त्यानं आजही पाहिलं नाही.

"खोकला कसा आहे?"

"बरा आहे." तो चमचा ढवळत राहिला. "आई, तू पार्कात येत जाऊ नकोस."

"का रे?"

"घोडे उधळतात गं. लागेल एखाद्या दिवशी."

"बरं." ती एवढंच म्हणाली. तिनं वाद घातला असता तर त्याला सोपं गेलं असतं.

"आणि त्या चित्रांच्या दुकानांकडंही फिरकू नकोस. फार गर्दी असते तिथं."

"आत्ता तिकडूनच तर आले. काम पोचवून."

त्याचा चमचा थांबला.

"फुलांचं सुटलं, तुला सांगायचंच राहिलं. हल्ली गॉल्टसाहेबांची चित्रं रंगवते मी." तिनं त्याच्यापुढं पावाचा आणखी एक तुकडा ठेवला. "पाहिलंय मी ते, टोबी. त्या म्हातारीला निळी शाल दिली बघ. मालकाच्या नमुन्यात मळकीच होती."

त्याचे कान तापले. मान वर होईना. "आई, मी त्या दिवशी..."

"असू दे रे. तरुण माणसाला लाज वाटतेच आपल्या म्हातारीची." तिनं त्याच्या डाव्या गालावरून अंगठा फिरवला. "चित्रात आलास, हे काय थोडं झालं? पण त्या मेल्यानं तुझा डाग भलत्याच गालावर काढला होता. मी तो जाड रंगाखाली झाकला आणि एकेका चित्रात जिथल्या तिथं नीट काढून दिला."