बांधाचा दगड

गाडी मठाच्या फाटकाशी थांबली तरी स्तामेना उतरेना. तिचा नवरा रादोसाव दार आपटून केव्हाच पुढे झाला होता. मागच्या सीटवरून शेजारचा मिलोन्या अवघडलेले पाय झटकत बाहेर आला. ज्याने आळ घेतला तोच ज्याच्यावर घेतला त्याच्या गाडीत बसून शपथ ऐकायला आला होता. मिलोन्याकडे गाडी नाही आणि मोराचा नावाच्या नदीच्या खोऱ्यात सकाळची बस येईलच असं नाही, त्याला कोण काय करणार?

भांडण एका दगडाचं. दोघांच्या कुरणांमधला बांधाचा दगड सरकलाय, असं मिलोन्याचं म्हणणं. मोजणीवाल्याला बोलवू, असंही तो म्हणाला. त्यावर रादोसाव उसळला, "मोजणी कशाला? मठात चल. संताच्या पेटीवर हात ठेवून सांगतो." डोंगरातल्या माणसांत यापुढे बोलायला काही उरत नाही. ज्या पेटीत संताचा देह आहे तिच्यावर हात ठेवून खोटं बोललं तर ते घराला भोवतं, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं.

रादोसाव खोटं बोलत नव्हता. दगड स्तामेनाने हलवला होता. ईस्टरनंतर तो गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी शहरात असताना, पहार घालून, एकटीने. पलीकडचं अक्रोडाचं झाड आपल्याकडे यावं म्हणून. मिलोन्या एकटा जीव, त्याचे अक्रोड नाहीतरी गवतात कुजायचे. तेव्हा तिला त्यात फारसं काही वाटलं नव्हतं.

आता तिने डोक्याचा रुमाल सोडला, बांधला, पुन्हा सोडला. मुलगी नेदा कालपासून पॉडगोरित्साच्या दवाखान्यात होती, पहिलटकरीण. घाटाच्या प्रत्येक वळणावर स्तामेनाने तोंड उघडलं होतं आणि मागे मिलोन्या खोकला की मिटलं होतं. रादोसाव स्वतःपुरतं बोलेल, या एका आशेवर ती इथवर आली होती.

ती धावतच त्याच्यामागे गेली. "मागे फिरू या. नेदाचा फोन येईल."

"पाच मिनिटांचं काम आहे."

"मला बरं वाटत नाहीये."

"मग बस बाकावर. शपथ मला घ्यायचीय, तुला नाही."

मिलोन्या तिच्याकडे बघत होता. तिच्या रुमालाकडे, न थांबणाऱ्या बोटांकडे. मग त्याने टोपी काढली आणि डोकं खाजवलं. "रादोसाव, राहू दे रे. माझीच नजर चुकली असेल. म्हातारपण आहे. चल, कॉफी पाजतो तुला, आणि वहिनीलाही."

स्तामेनाचा जीव भांड्यात पडला. पण क्षणभरच.

"आता राहू दे?" रादोसाव म्हणाला. "सहा महिने गावभर माझी अब्रू चघळलीस, आणि आता कॉफी? चल आत."

आत सोफ्रोनिये बाबा मेणबत्त्यांची बुडखं गोळा करत होते. काळ्या झग्याला हात पुसत ते पेटीपाशी आले. "विचार केलायस ना?"

"खरं बोलायला विचार कसला, बाबा?"

रादोसावने क्रॉसची खूण केली आणि लाकडी पेटीवर उजवा तळवा टेकला. त्याची मान ताठ होती. लग्नात होती तशी, स्तामेनाला वाटलं, आणि तिला त्याची फार कीव आली.

"मी," रादोसाव मोठ्याने म्हणाला, "किंवा माझ्या घरातल्या कुणी बांधाचा दगड हलवला असेल, तर या घरात पाळणा..."

स्तामेना पुढे झाली. तिने त्याचं मनगट धरून वर उचललं, आपला तळवा पेटीवर सपाट टेकला आणि त्याचा हात त्यावर ठेवला. आता पेटीला तिचा हात लागत होता, त्याचा नाही.

"हात काढ," तो म्हणाला.

तिने काढला नाही.

तो तिच्याकडे पाहत राहिला. हळूहळू त्याचे कान लाल झाले. सोफ्रोनिये बाबा पुन्हा मेणबत्त्यांकडे वळले. मिलोन्या फरशीकडे बघत होता.

"किती?" रादोसावने खालच्या आवाजात विचारलं.

"दोन पावलं."

रादोसावने आपला हात उचलून घेतला आणि खिशात घातला. तिचा तिथेच राहिला. तो कुठे टेकलाय, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं.

"तीन," ती म्हणाली.