सूर्याचा विस्तव

मुखियाच्या अंगणातून आज धूर निघालाच नाही.

म्हातारा कापाम्ब्वे कुंपणाशी उभा राहून बघत होता. गावातल्या साऱ्या चुली मुखियाच्या चुलीवरून पेटायच्या आणि मुखिया गेला की विझायच्या. विझवण्याचं काम कापाम्ब्वेच्या घराण्याचं. आपल्यावर ती वेळ येऊ नये, एवढंच त्याचं मागणं होतं. मुखिया चिसांगा त्याचा लहानपणीचा सवंगडी. छातीचं दुखणं घेऊन तो अंगणालगतच्या दवाखान्यात पडला होता, आणि बायकोशिवाय आत कुणाला सोडत नव्हते.

“बघत काय राहिलात, म्हातारबा?” मुखियाचा धाकटा भाऊ न्कांडू मागून आला. “मोठी वहिनी उगाच चूल विझू देईल का? घाई करा.”

“पण रडं कुठे ऐकू आलं?”

“विस्तव विझल्याशिवाय रडायचं नसतं, हे मी तुम्हाला शिकवू?”

कापाम्ब्वे दारोदार फिरला. बायांनी अर्धकच्च्या नाचणीची भांडी उतरवली आणि निखाऱ्यांवर पाणी ओतलं. सकाळच्या वेळी असं थंडगार गाव त्याने एकदाच, आधीचा मुखिया गेला आणि बापाने चुली विझवल्या तेव्हा पाहिलं होतं.

उरली दवाखान्यामागची बॅटरीची खोली.

राजधानी लुसाकाहून सोलरची पॅनेलं आली तेव्हा गाव चांगलंच हबकलं होतं. बिनधुराचा उजेड म्हणजे चेटूकच, असं म्हाताऱ्या म्हणत. तेव्हा चिसांगाच मधे उभा राहिला होता. “सूर्याला कधी धूर येताना पाहिलात का गं? हा त्याचाच विस्तव. माझ्या चुलीसारखाच माना ह्याला.” त्या एका शब्दावर घरोघरी दिवे लागले, पाण्याचा पंप बसला, दवाखाना उभा राहिला.

“हाही विझवायचा?” कापाम्ब्वेचा हात अडखळला.

“भाऊच म्हणाला होता ना, चुलीसारखाच माना?”

खरंच होतं ते. कापाम्ब्वेने मोठा खटका खाली ओढला. आतली घरघर थांबली. बाहेर येऊन त्याने डोक्यावरचं फडकं काढलं. आता रडायला हरकत नव्हती.

तेवढ्यात दवाखान्याचं दार धाडकन उघडलं. मुखियाची बायको नामुकोलो धावत बाहेर आली.

“मशीन कुणी बंद केलं? ह्यांना हवा देणारं मशीन! आत्ता पेज मागत होते हो!”

कापाम्ब्वेने अंगणाकडे बोट केलं. “वहिनी, पण तुमची चूल...”

“भावजींनीच विझवायला सांगितली. धुराने ह्यांना धाप लागते म्हणाले.”

कापाम्ब्वे गर्रकन वळला. न्कांडूने खोलीच्या लोखंडी दाराला कुलूप घातलं होतं आणि त्यालाच तो टेकून उभा होता. गाव गोळा झालं होतं. सगळ्यांचे हात राखेने माखलेले.

“विझलेला विस्तव नव्या मुखियानेच पेटवायचा,” न्कांडू म्हणाला. कुणीच पुढे झालं नाही. रीत तशीच होती.

“मग तू हो मुखिया!” कापाम्ब्वेने त्याचे पाय धरले. “पण पेटव! लवकर पेटव रे!”

दवाखान्यातून चिसांगाची धाप ऐकू येत होती. न्कांडूने किल्ली मुठीत घट्ट धरली.

“आता कसली घाई, म्हातारबा?”