तांब्याभर मीठपाणी

भूजल खात्यातर्फे जमिनीखालचं पाणी तपासायला मी वाडीत सळया ठोकून त्यांतून वीज सोडत होतो. कोरड्या वाळूत वीज नीट उतरावी म्हणून प्रत्येक सळईच्या बुडाशी तांब्याभर मीठपाणी ओतलं. सळया जितक्या दूर, तितकं खोलवरचं मोजमाप; त्या दूर नेत गेलो तसा यंत्रावरचा वीजरोधाचा आकडा कोसळला, खाऱ्या पाण्यात कोसळतो तसा. समुद्राचं पाणी जमिनीखालून विहिरीजवळ येऊन ठेपलं होतं.

“निम्मे पंप बंद करा,” मी माडांच्या बागेचे मालक तात्यांना म्हणालो, “नाहीतर उपशाने खारं पाणी आत ओढलं जाईल, विहीर जाईल.”

“सायबानू, मीठ तुमीच ओततास, आणि पाणी खारा म्हणतास?” सगळी वाडी हसली.

तेवढ्या मिठाने खोलवरचा आकडा हलत नाही, हे मला पाठ होतं. तरी हसणाऱ्यांपुढे माझाच माझ्यावर विश्वास राहिला नाही. अहवालात लिहिलं, ‘निष्कर्ष अनिश्चित.’ पंप चालूच राहिले.

निवृत्तीनंतर परवा तिकडे गेलो. माडांचे नुसते बुंधे उभे होते. तात्यांच्या सुनेने मला ओळखलं नाही, पण फुलपात्र पुढे केलं.

“टँकरचा आसा, घेवा. विहिरीचा तोंडात धरवत नाय. तात्या मरेपर्यंत सांगत, कोण एक सायब इलो नि मीठ ओतून गेलो.”

खरं सांगायला मी तोंड उघडलं. मग ते पाणीच पिऊन टाकलं.